बाप्टिस्टचा एक तास

"अजून पाऊण तास, बाप्टिस्ट! सहाला केक कापायचाय, पण आरामात, हं!" हॉटेलचे मॅनेजर विजयकुमार काठावरून ओरडले. मग शेजारच्या पाहुण्यांना त्यांनी इंग्रजीत सांगितलं, की हा आमचा माशांचा माणूस, आज रिटायर होतोय.

बाप्टिस्टने वळून पाहिलं नाही. गुडघाभर गार पाण्यात उभं राहून त्याने गळाची दोरी मागे नेली आणि क्षणभर थांबून पुढे सोडली. टोकाची पिसांची खोटी माशी मोठ्या दगडाच्या सावलीत अलगद उतरली. म्हातारी मासळी तिथेच राहायची.

हा ओढा खोटा. दुबईच्या वाळूत सिमेंटचं पात्र, विकत आणलेले दगड आणि पाणी गार ठेवणारा चिलर. ट्राउट ही थंड पाण्यातली मासळी, तिला गरम पाणी सोसत नाही. अकरा वर्षं तिला जगवायचं काम बाप्टिस्टचं. एका ऑगस्टमध्ये चिलर बंद पडला, तेव्हा किचनमधला सगळा बर्फ त्याने स्वतः वाहून ओतला होता. गळाला पिसं आणि दोरा गुंडाळून माश्याही तोच बनवायचा. पाहुणे मासा पकडत, फोटो काढत आणि परत सोडत. स्टाफने फक्त रॉड पुसायचा, गळ फेकायचा नाही, असा नियम. वसईच्या कोळ्याच्या पोराला अकरा वर्षं रॉड पुसायला लावायचं, हा कुठला न्याय, ते नियम करणाऱ्यालाच ठाऊक.

म्हातारी ही ओढ्यातली सगळ्यात जुनी ट्राउट. एका पाहुण्याने गळ हिसडून काढताना तिचा वरचा ओठ फाटला होता. जखम भरेपर्यंत बाप्टिस्टने तिला वेगळ्या टाकीत सांभाळलं. निरोपाला काय हवं, असं विचारल्यावर त्याने घड्याळ मागितलं नाही. एक तास रॉड मागितला. म्हातारीला एकदा आपल्या हाताने पकडायचं, बायकोला, रोझला दाखवायचं आणि सोडून द्यायचं.

रोझ वसईहून व्हिजिट व्हिसावर आली होती. मुलगी मरिसा ऑफिसातून अर्धी सुट्टी टाकून, छोट्या क्लेअरला घेऊन दुबईतल्याच डिस्कव्हरी गार्डन्सहून आली होती.

साडेपाच वाजून गेले. वीस वेळा दोरी गेली, वीस वेळा रिकामी आली. पाहुण्यांपैकी कुणीतरी हसलं.

"ग्रँडपा, व्हेअर आर द फिश?" क्लेअरने विचारलं.

"आहेत गं. गर्दी बघून दबलेत."

"पापा, तुम्ही बादली वाजवली की सगळे येतात ना? वाजवा की," मरिसा म्हणाली.

"ती खाण्याची बादली. ती वाजवून पकडायचं म्हणजे चीटिंग झाली."

"अहो, लोक बघतायत," रोझ हळूच म्हणाली.

सहाला पाच मिनिटं असताना बाप्टिस्ट पाण्यातून बाहेर आला. काठावरची बादली उचलून त्याने बोटांनी तीनदा वाजवली. त्याला स्वतःची लाज वाटली. पाणी तसंच वाहत राहिलं. त्याने पुन्हा वाजवली, जोरात. एक शेपटीसुद्धा हलली नाही.

"यल्ला, बाप्टिस्ट, टाइम खलास!" विजयकुमारांनी त्याच्या हातातून रॉड काढून घेतला.

केक झाला, फोटो झाले. मग वेटरने टेबलावर मोठं झाकलेलं ताट ठेवलं. विजयकुमारांनी स्वतः झाकण उचललं.

"सरप्राइज! तुम्हा वसईवाल्यांना मच्छीशिवाय पार्टी कसली? म्हटलं, आपल्याच ओढ्यातली द्यायची. एकदम फ्रेश."

ताटात लिंबाच्या चकत्यांखाली भाजलेली ट्राउट होती. तिचा वरचा ओठ फाटलेला होता.

"बाकीचे?" बाप्टिस्टने विचारलं.

"ते बुफेला. सकाळी तुम्ही व्हिसा कॅन्सल करायला गेलात ना, तेव्हाच जाळं टाकून सगळे काढले. उद्यापासून पाणी बंद, इथे पॅडल टेनिसचं कोर्ट होतंय."

"मग मी आत्ता तासभर..."

"अहो, तुमची हौस होती ना फेकायची! फेकलंत ना पोटभर? व्हिडिओ पण मस्त आलाय." विजयकुमारांनी प्रेमाने त्याच्या पाठीवर थाप मारली. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. तेच जास्त वाईट होतं.

"सगळ्यात मोठी तुमच्यासाठी ठेवलीय. घ्या, सुरुवात करा."

सगळे बघत होते. रोझने टेबलाखाली त्याचा गुडघा घट्ट धरला. अजून ओल्याच असलेल्या हाताने बाप्टिस्टने एक तुकडा तोडून तोंडात घातला.

"कशी झालीय?"

"छान झालीय, सर."

क्लेअरने आपली प्लेट पुढे केली. बाप्टिस्टने दुसरा तुकडा घेतला आणि मान खाली घालून तो तिच्यासाठी काटे काढत बसला. बराच वेळ.