दहावा सर्व्हर

"काम पूर्ण झालं म्हणून सही करा नि मोकळ्या व्हा, हेल्वी. वर सगळे परशियन पेस्ट्रीचा डबा उघडून थांबलेत."

"खाऊ देत. आधी प्लग उपटते, मग सही."

कॅनडातल्या थंडर बेच्या त्या छोट्या हॉस्पिटलातली सर्व्हर रूम हेल्वी कांगस सत्तावीस वर्षं सांभाळत होती. जुनी वीस यंत्रं काढून आता दोनच दांडगी यंत्रं बसवली होती. वीसही सर्व्हर आभासी रूपात त्यांच्यावर चालणार, निम्मे एकावर, निम्मे दुसऱ्यावर. डेटा मात्र सगळ्यांचा नेटवर्कवरच्या एकाच सामायिक साठवणीत हवा. म्हणजे एक यंत्र बंद पडलं, तर दुसरं तिथून उचलून काम पुढे नेतं. ठेकेदाराने तो खरंच तिथे ठेवलाय का, हे बघायची कुणाला फुरसत नव्हती.

"कागदावर सगळं आहे ना!" ब्रेंट वैतागला. नवा संचालक, हेल्वीच्या मुलाच्या वयाचा. काम पूर्ण झाल्याचं त्याला आजच बोर्डाला कळवायचं होतं.

"कागदाला औषध लागत नाही, साहेब. पेशंटला लागतं."

"हात लावलात तर सोमवारपासून येऊ नका."

हेल्वीच्या निवृत्तीला चौदा महिने उरले होते. पण दहा ते अकरा काम हाताने लिहून करा, असं तिने फार्मसीला सकाळीच बजावलं होतं. सव्वादहा झाले होते. तिने पहिल्या यंत्राचे दोन्ही प्लग उपटले.

त्यावरचे दहा सर्व्हर दुसरीकडे उठायला हवे होते. नऊ उठले. दहावा फार्मसीचा, त्याचा डेटा ठेकेदाराने पहिल्या यंत्राच्या स्वतःच्या डिस्कवरच ठेवून दिला होता.

"पाडलंत ना बंद?" ब्रेंट ओरडला.

"मी पाडलं, ते दिवसाढवळ्या, सांगून. आपणहून पडलं असतं तर कुणावर ओरडला असतात?"

"कार्ड ठेवा इथे!"

तिने गळ्यातलं कार्ड काढून टेबलावर आपटलं. "घ्या. पण काम संपेपर्यंत या खुर्चीवरून उठणार नाही. बोलवा कुणाला बोलवायचंय त्याला."

ब्रेंटने कुणालाच बोलावलं नाही. तिने यंत्र चालू केलं, फार्मसीचा डेटा सामायिक साठवणीत हलवला आणि पुन्हा प्लग उपटले. दोन मिनिटांत फार्मसी दुसऱ्या यंत्रावर उभी राहिली.

तिने पहिल्या यंत्राचे प्लग परत जोडले आणि फार्मसीतल्या रोझॅनला फोन लावला. "सुरू झालं?"

"झालं गं बाई. पुन्हा असं अडलं तर तुलाच फोन करते हं."

"अडणार नाही," हेल्वी म्हणाली आणि कोट उचलून निघाली. दारात उभ्या ब्रेंटला बाजूला व्हावंच लागलं.