थारूकांचं दहावं जग

उकंडरावांना आपल्या सुनेचं मोठं कौतुक होतं, पण ती दुपारी दार लावून नेमकं करते काय, असं कुणी विचारलं की ते टोपी काढून डोकं खाजवत. जेवणं आटोपली, भांडी पालथी पडली की वैजयंती धान्याच्या खोलीत जायची, पोत्यावर बसायची, डोक्यावरून गोधडी ओढून घ्यायची आणि आत एकटीच बोलत सुटायची. एप्रिलच्या उन्हात, गोधडीत! उकंडरावांना आधी वाटलं, पोरीला बाहेरचं काही लागलं. त्यांनी गुपचूप मुलाला फोन लावला. पवन वाशीमला बी-बियाण्याच्या दुकानात कामाला होता आणि सुट्टीलाच गावी यायचा.

"बाबा, ते गोष्ट सांगून राह्यली," पवन म्हणाला. "मोबाइलवर लोक आयकतात. दुसऱ्या ग्रहावरच्या राज्याची गोष्ट हाय."

"कोनाचं राज्य?"

"कोनाचंच नाई. मनातलं."

"मनातलं हाय तं गोधडी कायले?"

"मधात कोंबड्यायचा आवाज येते ना."

मनातल्या राज्याला कोंबड्यांचा त्रास का व्हावा, याचा उकंडरावांनी पुष्कळ विचार केला आणि शेवटी नाद सोडला. गोष्ट मात्र त्यांना ऐकावीच लागली, कारण जऊळक्याच्या रस्त्यावर मदनसिंगचं चहाचं हॉटेल होतं आणि तिथं ती रोज सकाळी भोंग्यासारखी लागायची. आपल्या गावची सून बोलते म्हणून आधी लोकांनी कौतुकानं ऐकली, मग ऐकता ऐकता सगळे त्यात अडकले.

गोष्ट होती थारूक नावाच्या लोकांची. त्यांना चार डोळे आणि राखेच्या रंगाची कातडी. त्यांच्या जगाला तीन चंद्र होते, पण माती नव्हती. कधी काळी होती, ती वाऱ्यानं उडून गेली आणि खाली नुसता दगड उरला. तेव्हा थारूकांचा पहिला बादशहा शेजारच्या जगाकडे पाहुणा म्हणून गेला आणि ओंजळभर माती मागून घेऊन आला. त्या ओंजळीतून थारूकांचं राज्य उभं राहिलं. आता बादशहा म्हटला की फौज आली, तोफा आल्या, मुंडकी उडणं आलं. वैजयंतीच्या गोष्टीत यातलं काहीच नव्हतं. दोन जगांच्या मध्ये आभाळात हद्दीचे दगड तरंगत असायचे. वर्षाच्या सणाला शेजारी नाचण्या-गाण्यात गुंग झाला की थारूक ते दगड वीतभर पुढे ढकलायचे, बस्स. वीतभर जागेसाठी कोण लढाई करतो? शेजारी म्हणायचा, जाऊ द्या. पुढच्या सणाला आणखी एक वीत. असं करता करता थारूकांनी नऊ जगं गिळली आणि कुठं रक्ताचा थेंब सांडला नाही. नवव्या जगाच्या म्हाताऱ्या राणीला तर एका सकाळी डोळे उघडल्यावर कळलं, की आपण झोपलो ती बाजसुद्धा आता थारूकांच्या हद्दीत आहे.

हे ऐकलं आणि हॉटेलातल्या बशा हवेतल्या हवेत थांबल्या. वऱ्हाडातल्या माणसाला ग्रह-तारे कळोत न कळोत, धुरा कोरणं बरोबर कळतं. दोन वावरांच्या मधला बांध म्हणजे धुरा, आणि दर हंगामाला शेजाऱ्याच्या अंगानं नांगराची एक ओळ जास्त मारली की तो आपोआप सरकतो. कोर्टात याचा पुरावा मिळत नाही आणि घरात याचा विसर पडत नाही.

"हे तं माहीच गोष्ट हाय," मदनसिंग म्हणाला. "तांड्याजवळचा माहा धुरा वरच्या वावरवाल्यानं असाच खाल्ला."

धम्मरत्न एसटीत कंडक्टर होता, ड्युटीवर निघण्याआधी चहाला थांबलेला. तो म्हणाला, "वावराचं सोडा. आमच्या वस्तीची वाट पाह्यली का तुमी? माह्या बापाच्या येळेस तिच्यातून बैलगाडी जात होती. आता मोटारसायकल अडकते. नववं जग म्हंजे आमीच."

मग काय, जो तो उठला आणि आपण कितवं जग ते सांगू लागला. ज्याच्या नावानं अर्धा गाव बोटं मोडायचा, त्या सावकारी थाटाच्या बागायतदारानंही आपण तिसरं जग असल्याचं छातीठोक सांगितलं. गावात सगळे जिंकले गेलेलेच निघाले. जिंकणारा एकही सापडेना.

उकंडरावांच्या मनात मात्र शंका नव्हती. जग आपण, आणि बादशहा म्हणजे शेषराव, त्यांचा सख्खा धाकटा भाऊ. दोघांची वावरं लागून होती आणि मधल्या धुऱ्यावरून दोघांत चार वर्षांचा अबोला होता. सुनेनं नाव न घेता चुलत सासऱ्याचं पितळ उघडं पाडलं, या आनंदात त्यांनी त्या दिवशी मदनसिंगला दोन चहा जास्त सांगितले. तो आनंद संध्याकाळपर्यंतही टिकला नाही. मदनसिंगच शेषरावांचा निरोप घेऊन आला.

"शेषराव म्हनते, माह्या भावाले सांग, सुनेच्या तोंडून मले कायले टोमणे मारून राह्यला? धुरा तो कोरते अन् बादशहा मले करते!"

"म्हंजे तो सोताले बादशहा समजून राह्यला?"

"नाई ना. तो म्हनते, बादशहा उकंडराव हाय, पन लोकायले वाटून राह्यलं का शेषराव हाय."

उकंडरावांचं डोकं गरगरलं. त्यात दुसऱ्याच दिवशी थारूकांचा बादशहा गोष्टीत पहिल्यांदा दरबारात बोलला, आणि बोलण्याआधी त्यानं गुडघ्यावर दोनदा थाप मारली. हॉटेलातली सगळी माणसं वळून उकंडरावांकडे पाहू लागली, कारण नेमक्या त्याच वेळी उकंडरावही काही बोलायला म्हणून गुडघ्यावर थाप मारत होते. त्यांनी हात खिशात घातला आणि चहा अर्धा टाकून घर गाठलं. रस्ताभर एकच घोर लागला होता: माझ्याच घरात, माझंच मीठ खाऊन, पोरीनं मलाच चोर ठरवलं की काय?

"वैजयंती," त्यांनी आल्याआल्या विचारलं, "तो बादशहा कोन हाय?"

"मले नाई माहीत, बाबा," ती भांबावून म्हणाली. "मी लिहीत नाई ना, बोलता बोलता सुचते. काहून?"

"अन् ते गुडघ्यावर थाप मारते ते?"

ती पदर तोंडाला लावून हसली. "ते कुठून आलं मलेबी नाई कळलं. तुमाले राग आला का?"

राग आला असता तर बरं झालं असतं. राग कसा धरायचा ते उकंडरावांना माहीत होतं, चार वर्षांचा सराव होता. इथं कुणावर धरायचा तेच समजेना. शिवाय पोरीची पंचाईत वेगळीच होती. ती म्हणाली, "बाबा, मी अटकून बसली. दहावं जग कसं घ्याचं ते सुचूनच नाई राह्यलं. दगड सरकवून सरकवून लोक आयकायले कंटाळले."

हे सगळं चालू असतानाच सोजरबाईला आणायचं ठरलं. सोजरबाई या दोघांची धाकटी बहीण, कारंजाला दिलेली. वडील गेल्यावर सातबाऱ्यावर तिघांचीही नावं लागली होती, आणि तिचं नाव काढायचं तर तिनं वाशीमला येऊन हक्क सोडल्याची सही करायला हवी होती. दोघं भाऊ एकमेकांचं तोंड पाहत नव्हते, पण या एका बाबतीत मदनसिंगच्या मध्यस्थीनं एका कपात त्यांचं एकमत झालं. यात कुणाला वावगं वाटण्यासारखं काही नव्हतं. बहिणीनं वाटा मागायचा नसतो, सोडायचा असतो. तिनं सोडला की भावांनी साडीचोळी करायची आणि माहेर शाबूत राहायचं. ही गावाची रीत, आणि रीत म्हटली की तिचा काटा कुणाच्या पायात मोडत नाही. सोजरबाईही फोनवर लगेच म्हणाली होती, "येतो ना दादा. त्यात काय पुसतं?"

ती एसटीनं आली, भाचे-सुनांची खबर घेतली, दोन्ही घरी आळीपाळीनं जेवली. सकाळी वाशीमला निघायचं होतं. ऑटो यायला वेळ होता म्हणून ती ओसरीत तांदूळ निवडत बसली आणि वैजयंतीनं तिला मोबाइलवर थारूकांची सगळी गोष्ट ऐकवली. उकंडराव धुतलेला सदरा घालून समोरच चहा घेत होते. सोजरबाई मन लावून ऐकत होती, राणीच्या बाजेपाशी तर "अवं माय!" म्हणाली.

"अन् आता आत्या, दहावं जग घ्याचं हाय. पन सुचत नाई," वैजयंती म्हणाली.

"त्यात काय सुचाचं? सोपं हाय," सोजरबाई सुपातला खडा बाजूला टाकत म्हणाली. "दगड ढकलाची गरजच नाई. त्या जगाले घरी बलवाचं. गोडधोड करून जेवू घालाचं. म्हनाचं, तू आमची हायस, तुले काई कमी पडू देनार नाई. मंग ते सोताच म्हनते, घ्या बाप्पा, सारं तुमचंच हाय."

"पन त्याले राग नाई येनार?"

"येत असन. पन राग धरला तं मंग सनावाराले बलवन कोन?"

तिच्या बोलण्यात कुचकेपणाचा लवलेश नव्हता. भाचसुनेची अडचण होती, तिनं सोडवून दिली, एवढंच. तिनं सूप झटकलं आणि तांदूळ आत नेऊन ठेवले. वैजयंती आनंदानं गोधडी शोधायला धावली. उकंडरावांच्या हातातला चहा मात्र तसाच राहिला. आपण तर कुणाचं काही घेतलेलं नाही, असं ते मनात म्हणाले, आणि त्यांना आपलंच म्हणणं पटेना.

ऑटो आला. शेषराव आधीच पुढं ड्रायव्हरच्या शेजारी बसले होते, मागं न वळता. मागं बहीण-भाऊ बसले. गाव सुटलं, वावरांमधली पांदणवाट लागली, आणि वावर दिसलं तसे उकंडराव एकाएकी ओरडले, "थांबव रे, थांबव!"

का थांबवलं ते त्यांचं त्यांनाच ठाऊक नव्हतं. ते खाली उतरले आणि म्हणाले, "सोजर, उतर. वावर तं पाहून घे."

"त्याइले सांग," शेषराव ड्रायव्हरला म्हणाले, "वाशीमले आपला नंबर लागाचा हाय म्हन."

"त्याले सांग, लागन नंबर," उकंडराव ड्रायव्हरला म्हणाले. ड्रायव्हर बिचारा दोघांकडे आळीपाळीनं पाहत राहिला.

हरभरा निघून गेला होता. नांगरलेली काळी ढेकळं उन्हात तापत पडली होती. सोजरबाई साडी आवरत ढेकळांतून चालली, आणि तिच्या मागं, एकमेकांपासून अंतर राखून, दोघं भाऊ. लग्नानंतर ती या वावरात कधी आली असेल तर आली असेल. ती मध्येच थांबायची, इकडं विहिरीकडं, तिकडं निंबाकडं पाहायची, आणि पुन्हा चालायची. धुऱ्यापाशी येऊन ती उभी राहिली.

"माहा वाटा कोनचा व्हता रे?" तिनं विचारलं. "सोडाचा तं हायच. पन काय सोडून राह्यलो ते पाहून तं घेतो."

या वावरातली इंच न् इंच जागा त्या दोघांना पाठ होती. धुरा कोणत्या सालात किती सरकला, कुणी सरकवला, हे ते झोपेतून उठवलं तरी सांगू शकले असते. वडील गेले तेव्हा दोघांनी दोरी धरून वावर मधोमध वाटून घेतलं होतं. तिसऱ्या वाट्यासाठी दोरी कुणी धरलीच नव्हती. शेषरावांनी घसा खाकरला आणि हात उचलून दाखवला. तो हात उकंडरावांच्या वावराकडं होता. त्याच क्षणी उकंडरावांचाही हात वर गेला होता, शेषरावांच्या वावराकडं.

दोघांचेही हात थोडा वेळ तसेच राहिले. मग एकाचा खाली आला, मग दुसऱ्याचा.

सोजरबाईनं एकदा इकडं पाहिलं, एकदा तिकडं. ती चिडली असती, रडली असती, तर उकंडरावांना सोसवलं असतं. ती नुसतीच विचारात पडली, बाजारात भाव कळत नसल्यासारखी.

"म्हंजे इकडचं तुहं, तिकडचं त्याचं," ती म्हणाली. "मंग मधात हे एवढंच माहं असन."

तिनं चपला काढून बाजूला ठेवल्या आणि ती धुऱ्यावर बसली.

रस्त्यावरून ऑटोवाला हाका मारत होता. शेषराव बराच वेळ पायाखालचं ढेकूळ फोडत राहिले, आणि मग चार वर्षांत पहिल्यांदा, मध्ये कुणालाही न घेता, भावाकडं तोंड करून म्हणाले, "दादा, आता कसं कराचं?"

उकंडरावांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "ऊठ सोजर, उशीर होते" एवढंच त्यांना म्हणायचं होतं. पण त्यांनी बहिणीकडं पाहिलं, आपल्याही चपला काढल्या आणि धुरा सोडून ते खाली ढेकळांत बसले.