अकरा दिवसांचा सूर

ग्लेनिसनं खुर्चीचा हात असा काही आवळला की शेजारच्या वॉरिकला वाटलं, बाईला भोवळ आली. भोवळ कसली! तिच्या डोक्यात तिडीक गेली होती.

पडद्यावर पक्षीण समुद्र ओलांडून फ्लिंडर्स बेटाकडे, जमिनीतल्या बिळात केलेल्या आपल्या घरट्याकडे निघाली होती. सात मिनिटांची ॲनिमेशन फिल्म, संवाद एकही नाही. पक्षिणीचा आवाज म्हणजे ग्लेनिसच्या जुन्या सिंथेसायझरचा सूर, बस्स. आणि तो सूर आज इस्त्री फिरवल्यासारखा सरळ चालला होता.

"थांबव," ती म्हणाली. "हॅमिश, आधी थांबव ते!"

दिग्दर्शक हॅमिशनं चित्र थांबवलं. "आवडलं ना? तुझा सूर जागोजागी हलत होता. मेलबर्नच्या मिक्सिंगवाल्यानं सगळा जागेवर आणून दिला. फुकटात, बरं का!"

फुकटात! ग्लेनिसचा तिळपापड झाला. तिचं यंत्र चाळीस वर्षांचं. थंड असताना चालू केलं की तापेपर्यंत त्याचा सूर घसरत राहतो. शहाणी माणसं अर्धा तास थांबून मग वाजवतात. ही बया होबार्टच्या गारठ्यात, मागच्या अंगणातल्या शेडमध्ये, मुद्दाम थंड यंत्रावर बसायची. सात मिनिटं एका दमात, मध्ये न थांबता. जरा चुकलं की यंत्र पुन्हा पुरतं गार व्हायला हवं, म्हणजे बसा दुसऱ्या दिवसापर्यंत बोंबलत. असे अकरा दिवस गेले, तेव्हा कुठे सूर तिला हवा तसा घसरला. हजारो मैल उडून आलेल्या जिवाचा सूर होता तो. आणि कुणा दीडशहाण्यानं एक बटन दाबून त्याची वाट लावली होती.

"होता तसा परत लाव," ती म्हणाली. "नाहीतर फिल्ममधून माझा सूरही काढून टाक आणि नावही."

"अगं, शुक्रवारी फिल्म महोत्सवाला पाठवायचीय! आणि कळणारे कुणाला?"

"मला कळतंय ना!"

"जाऊ दे गं, ग्लेनिस," वॉरिक म्हणाला. ती पक्षीण त्यानंच काढली होती, हातानं, एकेक चित्र करून. "छान वाटतंय की. तुम्ही वाजवणारे लोक ना, उगाच राईचा पर्वत करता."

"छान वाटतंय? मेल्या, तिच्या गळ्याकडे बघ!"

हॅमिशनं चित्र मागे नेऊन पुन्हा लावलं. पक्षिणीचा गळा थरथरत होता आणि आवाज मात्र सपाट. कसा जुळणार? सूर आधी झाला होता, चित्रं नंतर. चार महिने वॉरिक तो सूर कानाला लावून बसला होता, आणि सूर जिथे हलला तिथे त्यानं गळा हलवला होता. आता तो गळा कशासाठी हलत होता, देव जाणे.

"खरंच की," हॅमिश म्हणाला. "विचित्र दिसतंय." मग त्याचा चेहरा खुलला. "सोपं आहे! गळाही स्थिर करून टाकू. कॉम्प्युटर करतो आपोआप. एक बटन दाबलं की झालं."

वॉरिक उठला. दिवसाकाठी दहा वाक्यं बोलणारा माणूस तो, पण त्याच्या कानशिलाच्या शिरा तट्ट फुगल्या.

"नऊशे गळे काढलेत मी," तो गरजला. "नऊशे! डोळ्यांचं वाटोळं करून घेतलं. लाज वाटत नाही रे तुला? हात तर लावून बघ!"

"राईचा पर्वत करू नकोस, वॉरिक," ग्लेनिस म्हणाली. तिला हसू मात्र येत नव्हतं.

वॉरिकनं तिच्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. "चुकलं माझं," तो पुटपुटला. मग हॅमिशकडे वळला. "हिचा सूर नसेल तर माझी पक्षीणही काढून टाक आणि नावही. दाखव मग एकट्याचं नाव, हौसेनं."

हॅमिश दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिला. आवाजही गेला, पक्षीणही गेली, मग उरतो तो नुसता समुद्र. त्यानं निमूटपणे मेलबर्नला फोन लावला.

"हो, आधीचाच लाव," तो ओशाळून सांगू लागला. "हो रे, तोच. तो बेसूर—"

ग्लेनिसनं त्याच्या हातातून फोन हिसकावला.

"बेसूर नाही, दमलीये ती!" ती त्या कधी न पाहिलेल्या माणसावर ओरडली. "घरी पोचेपर्यंत तिला हात लावायचा नाही!"