बर्फातला सप्ताह

ल्हामोचा उजवा पाय गुडघ्यापर्यंत बर्फात रुतला, आणि इकडं पाटावर बसलेल्या मीनाक्षीबाईंनी नकळत आपली पावलं साडीच्या काठाखाली ओढून घेतली.

बैठक मात्र मोडली नाही. समोर पोथीच्या लाकडी स्टँडवर पुस्तक उघडं होतं. त्याला लाल खणाचं वेष्टन होतं, आणि पुढ्यात सुनेनं सकाळी वाहिलेलं शेवंतीचं फूल. कसबा बावड्यातल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये जवळच्या साखर कारखान्याच्या गळीत हंगामाचा मळीचा वास खिडकीतून आत येत होता. मीनाक्षीबाईंपर्यंत तो पोचत नव्हता. त्यांच्या नाकाला एक कोरडी, बिनवासाची थंडी झोंबत होती.

ल्हामो ही कादंबरीतली टपालवाली. डोंगरापलीकडच्या वस्त्यांची पत्रं खांद्यावर घेऊन निघालेली, आणि खिंडीत बर्फानं गाठलेली. मीनाक्षीबाईंनी जन्मात बर्फ पाहिला तो फ्रीजमध्ये साठलेला, उलथन्यानं खरवडून काढायचा. पण गेले पाच दिवस रोज सकाळी दहा ते बारा त्या बर्फात होत्या. पांढरं इतकं, की कुठली दिशा कुठं हेच कळू नये. काल एकदा त्यांनी मान वर केली, तेव्हा डोक्यावरचा पंखा पाहून त्यांना नवल वाटलं होतं. आपण इथं आहोत, हे आठवायला थोडा वेळ लागला होता. देवळात पडदा सरकतो आणि क्षणभर दिव्याच्या उजेडात मूर्ती दिसते, तेव्हा जसं होतं तसं झालं होतं. आपली लायकी नसताना कुणीतरी आपल्याला हे पाहू दिलं, असं.

निवृत्त होऊन त्यांना सात महिने झाले होते. त्याआधी चौतीस वर्षं पाटबंधारे खात्याच्या ऑफिसात बारनिशीचं टेबल. येणाऱ्या कागदावर आवकचा शिक्का, जाणाऱ्या कागदावर जावकचा. चौतीस वर्षांत हजारो कागद त्यांनी वाचले, पण एकाही कागदानं त्यांना आत घेतलं नाही. जूनमध्ये वाचनालयाचं कार्ड काढलं, पहिली कादंबरी घरी आणली, आणि मग कळलं की ती वाचायची हिंमत आपल्यात नाही. भरदिवसा, अकरा वाजता, धडधाकट बाईनं पुस्तक घेऊन बसायचं? बेल वाजली की पुस्तक उशीखाली जायचं आणि मेथीची जुडी मांडीवर यायची. कुणी विचारत नव्हतं, तरी त्या सांगायच्या, आत्ताच जरा टेकले होते.

शेवटी त्यांनी वाचनाचा नेम केला. नेम केला की त्यांना जमायचं. सोमवार, एकादशी, रोजचा पोथीचा एक अध्याय, सगळं तसंच चाललं होतं. आंघोळ, पूजा, अध्याय, आणि मग कादंबरीची पन्नास पानं. पाठ टेकायची नाही, मधे उठायचं नाही. उठावं लागलं तर वाचन खंडित. पुन्हा पहिल्या पानापासून. कुरियरवाला आला म्हणून एकदा, गॅसवाला आला म्हणून एकदा, आणि यजमान त्र्यंबकराव चष्मा शोधत होते म्हणून एकदा, अशी ल्हामो तीन वेळा घरातून निघाली आणि तीन वेळा परत उंबऱ्यात जाऊन उभी राहिली.

चौथ्या खेपेला मान दुखायला लागली, म्हणून त्यांनी पुस्तक पोथीच्या स्टँडवर ठेवलं. वाचनालयाच्या पुस्तकाला हळदीकुंकवाचे डाग नकोत म्हणून खणाचं वेष्टन घातलं. दत्तजयंती तिथून सातव्या दिवशी होती. सून अस्मिता दारातून पाहून म्हणाली होती,

"सप्ताहाला बसलात होय आई? सांगायचं नाही का."

मीनाक्षीबाई "हं" म्हणाल्या होत्या. एवढंच. पण त्या एका हुंकारानं सगळं घर बदललं. स्वयंपाकातून कांदा-लसूण गेला. दहा वाजले की टीव्ही बंद, मिक्सर बंद. बेल वाजायच्या आत अस्मिता दार उघडून उभी. जाता जाता ती रोज एक फूल वाहायची आणि डोळे मिटून काहीतरी पुटपुटायची. तिच्या नवऱ्याच्या बदलीचं चाललं होतं, हे मीनाक्षीबाईंना ठाऊक होतं. ते पुटपुटणं सुरू झालं की त्या बोटाखालची ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचायच्या. उद्या सांगू, असं त्या ठरवायच्या. आणि मग ल्हामो पुढं निघायची, नि त्या तिच्या मागं.

आज सहावा दिवस. आज आक्का यायच्या होत्या.

आक्का म्हणजे त्र्यंबकरावांची थोरली बहीण. वय ब्याऐंशी, राहणं राधानगरीकडं शेतावर. दरवर्षी जयंतीच्या आदल्या दिवशी त्या बावड्याला यायच्या आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांबरोबर नृसिंहवाडीला जायच्या. मीनाक्षीबाई नवी नवरी होत्या, तेव्हा पोथीला कसं बसायचं ते आक्कांनीच शिकवलं होतं. कणा ताठ ठेवायचा. पान उलटताना बोटाला थुंकी लावायची नाही. मधे उठायचं नाही. आक्का स्वतः दुसरी शिकलेल्या. आता दोन्ही डोळ्यांनी अंधूक दिसायचं, म्हणून वर्षभर त्या कुणी वाचून दाखवील त्याची वाट पाहायच्या.

आक्का साडेअकराला आल्या. अस्मितानं दार उघडलं आणि हलक्या आवाजात सांगितलं, की आई सप्ताहाला बसल्यात. आक्कांच्या तोंडून मोठ्यानं समाधानाचा उद्गार बाहेर पडला. त्यांनी पाय धुतले, पदर डोक्यावरून घेतला, भिंतीचा आधार घेत आल्या आणि स्टँडसमोर सतरंजीवर बसल्या. हात जोडले.

"वाच," त्या म्हणाल्या. "मोठ्यानं वाच. लई दिस झालं कानावर पडून."

मीनाक्षीबाईंच्या पुढ्यात पान दोनशे एकोणनव्वद होतं. ल्हामोनं पत्रांची पिशवी पोटाशी धरली होती आणि अंधार पडायला लागला होता.

त्यांना अख्खी पोथी नव्हे, पण सात-आठ अध्याय तोंडपाठ होते. आक्कांना दिसत नव्हतं. अस्मिता दाराशी उभी होती, पण तिथून अक्षर दिसायचं कारण नव्हतं. मीनाक्षीबाईंनी पानावर नजर ठेवली आणि पाठ असलेली पहिली ओवी म्हटली. आवाज नेहमीसारखा लागला. आक्कांचे डोळे मिटले, सुरकुतलेला चेहरा सैल झाला. दुसरी ओवी अर्ध्यावर आली, आणि तिथं मीनाक्षीबाईंना पुढचा शब्द सापडेना. चाळीस वर्षं रोज म्हटलेला शब्द. तो कुठं गेला नव्हता. देवाचे शब्द त्या पांघरूण म्हणून ओढत होत्या, आणि ते पुरत नव्हतं.

त्यांनी खणाची गाठ सोडली. कापड बाजूला ठेवलं. वेष्टनाखालून वाचनालयाचा शिक्का असलेला पुठ्ठा बाहेर आला.

"आक्का, ही पोथी न्हवं," त्या म्हणाल्या. "कादंबरी हाय. पहिल्या दिवसापासनं हीच वाचतीय."

खाली भाजीवाला ओरडत गेला.

"आन् आत्ता म्हटल्यास त्या ओव्या?"

"पाठ हायत."

"मला दिसत न्हाय म्हणून म्हटल्यास."

"व्हय."

आक्कांनी जोडलेले हात सोडले आणि मांडीवर ठेवले. मीनाक्षीबाईंना वाटलं, आता त्या उठतील. अस्मिता दारातून आत आली होती. तिनं आधी स्टँडपुढच्या फुलाकडं पाहिलं, मग सासूकडं. मीनाक्षीबाई तिला म्हणाल्या, की तू फूल वाहायचीस तेव्हा रोज सांगायचं होतं, पण जमलं नाही. अस्मितानं ते फूल उचललं, देवघराशी जाऊन तसबिरीला वाहिलं आणि परत आली.

"मी फूल दत्ताला वाहत होते," ती म्हणाली. "ते त्याला पोचलं असणार. तुमच्या पुस्तकाला कशाला पोचतंय?" आणि स्वयंपाकघराकडं वळता वळता म्हणाली, "सहा दिवस बिनकांद्याची आमटी गिळलीय आम्ही, आई. त्याचं काय ते तुम्ही बघा."

आक्का हसल्या नाहीत. पण बसल्या जागच्या हलल्याही नाहीत.

"काय हाय त्यात?" त्यांनी विचारलं.

मीनाक्षीबाई सांगायला लागल्या, की एक टपालवाली आहे, लांब डोंगरात राहते, आणि एकदा काय होतं...

"सांगू नगंस. वाच."

"पहिल्यापासनं?"

"तू जितं हाईस तितनं."

मीनाक्षीबाईंनी पान दोनशे एकोणनव्वद वाचायला घेतलं. सुरुवातीला आवाज निघेना. या पुस्तकाला त्यांनी अजून आवाज दिलाच नव्हता. मग वाक्यं आपली आपण चालायला लागली. अंधार, वारा, बर्फावर बर्फ पडतानाचा तो आवाज, जो आवाजच नव्हे. पिशवीतली पत्रं भिजू नयेत म्हणून ल्हामोनं अंगावरची लोकरी चादर काढून पिशवीला गुंडाळली.

"पत्रं कुणाची?" आक्कांनी मधेच विचारलं.

"लोकांची. वस्तीवरच्या."

"आन् चादर तिची सोताची." आक्का पुटपुटल्या. "येडी हाय."

पण त्यांनी आपली शाल गळ्याशी घट्ट ओढून घेतली होती. बाहेर डिसेंबरचं स्वच्छ ऊन होतं. अस्मिता मटाराची परात घेऊन दाराशी येऊन बसली होती आणि एक शेंग हातात तशीच धरून होती. मीनाक्षीबाईंना एकदम दिसलं, की हा बर्फ त्यांच्या एकटीचा नव्हता. तो या खोलीत पडत होता. ज्यांनी आयुष्यात डोंगर पाहिला तो राधानगरीचा, भातखाचरांच्या वरचा, त्या ब्याऐंशी वर्षांच्या बाईच्या खांद्यांवर पडत होता. शाई आणि कागद. त्यातून एवढं यावं? त्यांनी वाचणं थांबवलं नाही.

जेवणं झाल्यावर त्या आक्कांच्या जवळ जाऊन बसल्या. उद्या मी वाडीला येत नाही, असं त्यांनी सांगितलं. घरानं माझ्यासाठी नेम पाळला आणि मी कादंबरी वाचली; कुठल्या तोंडानं पादुकांपुढं उभी राहू?

आक्का बडीशेप चघळत होत्या.

"त्याला काय ठावं न्हवतं व्हय तू काय वाचत हुतीस ते?" त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "पुस्तक घे पिशवीत. त्या पोरीचं काय हुतंय ते मला बगायचंय."

दुसऱ्या दिवशी वाडीला गर्दी होती. दर्शनाच्या रांगेत दोन तास गेले. मीनाक्षीबाई पादुकांसमोर आल्या तेव्हा त्यांनी पाठ केलेलं काही म्हटलं नाही. नुसतं डोकं टेकवलं, आणि मागच्यांनी ढकललं तशा पुढं सरकल्या. त्र्यंबकराव आणि मुलगा दत्तप्रसाद प्रसादाच्या रांगेकडं गेले, अस्मिता ओळखीच्या कुणाशी बोलत थांबली. आक्कांचा हात धरून मीनाक्षीबाई घाटाच्या पायऱ्या उतरल्या. ठिकठिकाणी लोक पोथ्या उघडून बसले होते. एकसारखी गुणगुण नदीवरून येत होती. सावलीत एक पायरी मोकळी होती. तिथं त्या दोघी बसल्या, आणि मीनाक्षीबाईंनी पिशवीतून पुस्तक काढलं. उघडं, शिक्क्यासकट. पाठीमागच्या दगडाला त्यांनी पाठ टेकली.

शेजारी पोथी मांडून बसलेल्या बाईंनी मान वळवली. त्यांनी आपुलकीनं विचारलं, कुठला अध्याय चाललाय.

"पोथी न्हवं ओ," मीनाक्षीबाई म्हणाल्या. "कादंबरी हाय. आक्कांना वाचून दाखवतीय."

स्वतःचा आवाज त्यांना ऐकू आला. तो थरथरला नव्हता. बाई "असं होय" म्हणाल्या, आपली पिशवी थोडी अलीकडं ओढून त्यांना पाय पसरायला जागा केली आणि पुन्हा आपल्या पोथीकडं वळल्या.

मीनाक्षीबाई वाचत राहिल्या. खिंड मागं पडली. पहिली वस्ती, दुसरी वस्ती. पिशवी हलकी होत गेली. मधे अस्मिता येऊन पाण्याची बाटली देऊन गेली. मीनाक्षीबाईंनी थांबून दोन घोट घेतले, आक्कांना दिले, आणि जिथं थांबल्या होत्या तिथून पुढं निघाल्या.

ल्हामो शेवटच्या घराशी पोचली. हातात एकच पत्र उरलं होतं. दार बंद होतं, पण छपरातून धूर निघत होता, म्हणजे आत माणूस होतं. तिनं दार वाजवायला हात उचलला. मग तो खाली घेतला आणि ती उंबऱ्याबाहेरच्या दगडावर बसली.

दीड पान राहिलं होतं. मीनाक्षीबाईंनी पान उलटायला बोट पुढं केलं, आणि आक्कांचा हात चाचपडत पुस्तकावर आला.

"थांब," त्या म्हणाल्या. "लई चाललीया. बसू दे तिला जरा."

मीनाक्षीबाईंनी बोट होतं तिथंच ठेवलं. घाटावर ऊन एकेक पायरी खाली उतरत होतं. आणि त्या दोघी, दगडावर टेकलेल्या तिसरीला उठायची घाई होऊ नये इतक्या गप्प, तशाच बसून राहिल्या.