लग्नाचा पुरावा

चेन्नईच्या अमेरिकन वकिलातीत खिडकीपलीकडच्या अधिकाऱ्यानं अल्बम शेवटपर्यंत चाळला, पुन्हा पहिल्या पानावर आला आणि विचारलं, "यात होम कुठे आहे?"

"आमच्या लग्नात होम नसतो," रोशनी म्हणाली. "आम्ही बौद्ध आहोत."

अधिकारी तरुण होता, आवाजानं सौम्य. "इथली लग्नं मी रोज बघतो," तो म्हणाला. "लाल साडी, सोनं, शेकड्यानं माणसं. ही नवरी पांढऱ्या साडीत आहे. लग्न दोन वर्षांपूर्वी झालं म्हणता आणि नोंदणीचा दाखला गेल्या महिन्यातला आहे."

"गरज पडेपर्यंत आमच्याकडे कुणी नोंदणी करत नाही, सर."

"बरं. या फोटोंमध्ये तुमच्या कंपनीतलं कोण आहे?"

रोशनीनं शेजारी उभ्या असलेल्या आदर्शकडे बघितलं नाही. "कुणी नाही," ती म्हणाली.

अधिकाऱ्यानं मान हलवली आणि काहीतरी लिहून घेतलं. रोशनीला कामाचा व्हिसा मिळाला. आदर्शचा पासपोर्ट मात्र काचेखालच्या फटीतून तसाच परत आला. लग्न खरं असल्याचे आणखी पुरावे घेऊन या, म्हणाले.

ते नव्याण्णव साल होतं. दोन हजार साल उजाडलं की जुने प्रोग्रॅम तारखा चुकवणार, या धास्तीनं अमेरिकेतल्या विमा कंपन्या आणि बँका हैदराबादेतून माणसं उचलत होत्या. रोशनीला तीस वर्षांपूर्वी कोबॉल भाषेत लिहिलेला प्रोग्रॅम एखाद्या गोष्टीच्या पुस्तकासारखा वाचता यायचा. बेगमपेठेतल्या तिच्या कंपनीनं पहिल्या तुकडीतच तिचं नाव घातलं. नवऱ्याला सोबत नेता येत होतं, पण अवलंबून असलेला म्हणून. तिथं त्याला नोकरी करायला बंदी.

आदर्श वीज खात्यात इंजिनिअर होता. त्याचे वडील शंकरराव बिलोलीकडून येऊन रेल्वेच्या कारखान्यात फिटर झाले होते आणि अंबरपेठेतलं दोन खोल्यांचं घर त्यांनी त्याच पगारातून उभं केलं होतं. मुलाची सरकारी नोकरी लागली त्या दिवशी त्यांनी गल्लीभर पेढे वाटले होते. तरी आदर्श हसत म्हणाला होता, "राजीनामा देतो. दोन-तीन वर्षं मी पोळ्या लाटीन, तू कमव. त्यात काय?" शंकरराव उठून बाहेर गेले आणि बराच वेळ नळाला पाणी आलं का ते बघत उभे राहिले.

चेन्नईहून परतीच्या गाडीत आदर्श खिडकीशी बसला होता. गुडूर स्टेशन मागं पडलं, दिवस मावळायला आला, तेव्हा तो म्हणाला, "एक विचारू? लग्नाच्या वेळी तू म्हणालीस, ऑफिसात काम फार आहे, कुणाला सुट्टी मिळत नाही. तू बोलावलं होतंस का त्यांना?"

रोशनी मांडीवरच्या अल्बमची कड चाचपत राहिली.

"माझ्या खात्यातले सगळे आले होते," तो म्हणाला. "आमच्या सेक्शनचे ख्वाजाभाई तर आदल्या दिवसापासून खुर्च्या लावत होते. तुझं एक माणूस नाही. मला वाटलं, कंपनीवाले असेच असतात."

"नाही बोलावलं," ती अखेर म्हणाली. "पत्रिकेवर तथागतांचा आणि बाबासाहेबांचा फोटो होता. पत्रिका दिली की सगळ्यांना कळलं असतं."

"कळलं असतं तर?"

समोरच्या बाकावरचं कुटुंब दहीभाताचे डबे उघडत होतं. आदर्शनं पुन्हा विचारलं नाही. राग येऊन तो ओरडला असता तर तिला सोपं गेलं असतं.

रोशनीच्या टीममध्ये बहुतेक पुण्या-मुंबईची मंडळी होती. वंदना टीमची प्रमुख. सुधीर आणि कौस्तुभ रोशनीच्या बरोबरीचे. रोशनीच्या जोंधळे या आडनावावरून जात कळत नव्हती. पहिल्या दिवशी कुणी विचारलं नाही, रोशनीनं सांगितलं नाही. मग सांगायची वेळ निघून गेली. लग्नाआधी एकदा जेवताना वंदना पुतण्याची इंजिनिअरिंगची सीट हुकल्याचं सांगत होती. "आता आपल्या मुलांनी जायचं तरी कुठं?" असं म्हणून तिनं टेबलाभोवती नजर फिरवली. नजर रोशनीपाशी आली आणि रोशनीनं मान डोलावली. घरी येऊन ती जेवली नव्हती. आईला पोटात दुखतंय असं सांगितलं होतं.

व्हिसाचं काम बघणाऱ्या कंपनीच्या माणसानं सुचवलं, "ऑफिसमधल्या कुणीतरी लिहून द्यावं, की हे नवरा-बायको आहेत, आम्ही ओळखतो. काम सोपं होईल." म्हणून सोमवारी रोशनी वंदनाकडे गेली.

"लग्नाला मी नव्हते गं," वंदना म्हणाली. "आम्हाला वाईट वाटलं होतं तेव्हा. हिनं साधं कळवलंसुद्धा नाही म्हणून."

"वंदनाताई, आम्ही बौद्ध आहोत. म्हणून नाही कळवलं."

वंदनानं हातातला कप खाली ठेवला. "म्हणजे? मी कधी काही बोलले का तुला?"

"मला नाही बोललात. एकदा जेवताना तुम्ही 'आपली मुलं' म्हणालात. सीटबद्दल चाललं होतं. मी मान डोलावली होती."

"मला आठवत नाही," वंदना म्हणाली. ती खोटं बोलत नव्हती, हे रोशनीला तिच्या चेहऱ्यावरून दिसलं. तेच तिला जास्त लागलं. वंदना थोडा वेळ टेबलावर बोट फिरवत राहिली. "तुझ्या नवऱ्याला मी एकदाही भेटलेली नाही, रोशनी. मी काय लिहून देऊ? माझा स्वतःचा व्हिसाचा अर्ज तिथंच पडलाय. उद्या मला विचारलं तर?"

म्हणणं खोटं नव्हतं. त्याच्या आड आणखी काही होतं की नव्हतं, ते मात्र रोशनीला कधीच कळणार नव्हतं. "बरोबर आहे," एवढं म्हणून ती उठली.

शेवटी पुरावे जमवले ते आदर्शच्या बाजूनंच. ख्वाजाभाईंनी आणि खात्यातल्या आणखी दोघांनी लिहून दिलं, विहाराच्या अध्यक्षांनी सही केली. आदर्श एकटाच चेन्नईला गेला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी परत आला. आदर्शच्या आईनं, चतुराबाईंनी, दारातच विचारलं, "काय झालं रे?"

"मिळाला," तो म्हणाला. चतुराबाई चहा ठेवायला आत वळल्या.

रोशनी त्याच्यामागे दुसऱ्या खोलीत गेली. "काय विचारलं त्यांनी?"

"तोच अधिकारी होता. म्हणाला, आग कामून नाही? मी म्हटलं, आमच्या आधीच्या पिढीनं ते सगळं सोडलं, आणि का सोडलं तेपण सांगितलं. ऐकत होता बिचारा. मग म्हणाला, बायकोच्या ऑफिसातलं कुणी कसं नाही?"

"मग?"

"मी म्हटलं, माझ्या बायकोला भीती वाटत होती."

रोशनी खाटेवर बसली. "असं सांगितलंत?"

"दुसरं काय सांगणार? खरं तेच सांगितलं. त्यानं लगेच ठप्पा मारायला घेतला पासपोर्ट." आदर्शनं बुटाची नाडी सोडली, बूट तसाच हातात धरून बसला. "रोशनी, मी राजीनामा देत नाही. तू जा. रजा मिळेल तशी येईन."

"माझ्यावर राग आहे तुमचा."

"राग नक्को म्हणू. राग असता तर गेला असता." तो हळू बोलत होता, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून. "इथं माझं खातं आहे, गल्ली आहे. मी कोण ते सगळ्यांना ठाऊक. तिथं दिवसभर घरात बसणार. संध्याकाळी तुझ्या माणसांत तुझा नवरा म्हणून येणार. तिथं ही पुण्यामुंबईचीच माणसं असणार ना? त्यांना तू काय सांगशील, हा कुठला, कुणाचा?"

"सांगेन मी," रोशनी म्हणाली. "सगळं सांगेन."

"सांगशील. पण प्रत्येक वेळी मी तुझ्या तोंडाकडं बघत बसणार, सांगते का नाही म्हणून. ते मला जमणार नाही."

त्या आठवड्यात रोशनीनं टीममधल्या सगळ्यांना रविवारी जेवायला बोलावलं. कुणी सांगितलं नव्हतं, आदर्शनं तर नाहीच. घरचा पत्ता सांगताना तिनं बुद्धविहाराची खूण सांगितली. चतुराबाई पहाटेपासून ज्वारीच्या भाकरी आणि बगारा बैंगन करत होत्या. शंकररावांनी इस्त्रीचा सदरा घातला होता.

वंदना आली, सुधीर आला. वंदनानं दोन वेळा भाकरी मागून घेतली, सासूबाईंकडून वांग्याची कृती विचारली आणि निघताना रोशनीचा हात जरा जास्तच वेळ हातात धरला. सुधीरनं शंकररावांशी रेल्वेच्या गप्पा मारल्या. कौस्तुभ आला नाही. सोमवारी म्हणाला, मुलाला ताप होता. असेलही. पण दिवसभर रोशनी त्याच्या शब्दांचा आवाज मनात घोळवत राहिली. यापुढं असंच होणार, हे तिच्या लक्षात आलं. सांगून टाकलं म्हणून मोकळं होता येत नव्हतं. आता प्रत्येकाच्या येण्या-न येण्याचा अर्थ लावत बसावं लागणार होतं.

आदर्श त्या जेवणात सगळ्यांशी हसून-खेळून वागला. पाहुणे गेल्यावर त्यानं भांडी घासायला मदत केली. रोशनीला आशा वाटली. तिनं विचारलं, "अजून राजीनामा देता येईल ना?"

"चांगलं केलंस बोलावलंस ते," तो म्हणाला. "पण माझं ठरलंय."

मे महिन्यात ती निघाली. बेगमपेठच्या विमानतळावर शंकररावांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "पोरी, आदर्श येईल. आमच्या घरात उशीर होतो, पण येतात." सासऱ्यांना ती मामा म्हणायची. "हो मामा," एवढंच तिला बोलता आलं.

आदर्शनं सामान गाडीवर नीट रचून दिलं. "कधी याल?" तिनं विचारलं.

"रजा मंजूर होऊ दे."

"मंजूर झाली तर?"

तिच्या खांद्यावरून घसरलेला पिशवीचा पट्टा त्यानं वर सरकवला. दारावरच्या शिपायानं तिकीट बघून तिला आत सोडलं. चतुराबाई मागून धावत आल्या, त्यांना काहीतरी सांगायचं राहिलं होतं. शिपायानं त्यांना अडवलं. काचेतून रोशनीला आदर्श दिसला. तो शिपायाच्या विनवण्या करत होता, "अम्मा को एक मिनिट बात करने दो ना भाई." शिपाई मान हलवत होता.

रोशनी परत फिरायला वळली. पण मागून माणसांचा लोंढा आला, सामानाच्या गाड्या तिला खेटल्या, आणि ती रांगेत पुढं सरकली.