पाच पूर्णांक शहाण्णव

रुचिराला हल्ली स्वप्नंही आकड्यांचीच पडत. भाट्याची खाडी दिसे, पाणी सावकाश मागे सरे, आणि उघड्या पडलेल्या चिखलात तिसऱ्यांच्या शिंपल्यांऐवजी ५.९६, ५.९६ असे आकडे पसरलेले असत. ती वाकून वेचत राही. एमएस्सीला सहा भरले असते तर पहिला वर्ग होता. चार शतांशांवर घोडं अडलं. आणि तिसऱ्यांची शेती करणाऱ्या सखारामशेठच्या जाहिरातीत तर 'प्रथम वर्ग आवश्यक' असं ठळक छापलेलं. ही नोकरी हुकली तर मुंबईला मावशीकडे जाऊन मिळेल ते काम धरायचं, असं घरात ठरलं होतं. खाडी सोडायचा विचार आला की ती उठून काठावर जाऊन बसे.

ते शतांश गेले प्रबंधात. तिसऱ्या मोजायला दर सोमवारी जायचं, असं मार्गदर्शकांनी लिहून दिलेलं. ही बया गेली तिथी बघून, तिची आई आवडाबाई तिसऱ्या काढायला जाते तशी. अमावास्या-पौर्णिमेला पाणी लांबवर आटतं, अष्टमीला भांग असतो, पाणी धड उतरतच नाही. सोमवारचं खाडीला काय सोयरसुतक? परीक्षकांनी तारखा चाळल्या, 'यात शिस्त नाही' म्हणाले आणि बी ग्रेड देऊन मोकळे झाले. ही मूग गिळून बसली. त्याचा राग तिला अजून येई, त्यांच्यापेक्षा स्वतःचाच जास्त.

शेठच्या पडवीत ती मुलाखतीला बसली तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. समोर पाणी निपचित पडलं होतं. सुरूच्या झाडांतून वारा येत होता आणि तिचे डोळे जडावत होते.

"बाय, सोमवारी सकाळी दहाला खाडीत तिसऱ्यांचं बी टाकायला माणसं बोलवू?" शेठनी गुणपत्रिकेची फाईल न उघडताच बाजूला सारली.

गुंगीतच तिने बोटांवर मोजलं. "आज गुरुवार, अष्टमी. सोमवारी द्वादशी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. बाराची पाऊणपट नऊ. दहाला पाणी गळ्याशी असेल, शेठ. पुरी ओहोटी तीनला, तेव्हा बोलवा."

शेठ हसले. "गेल्या साली पहिल्या वर्गाचा एक शिकलेला झील कामाला ठेवलेला. त्याने अशाच द्वादशीला दहाला बोलावलंन. माणसं काठावर बसून घरी गेली नि बी गोणीत मेलं. तू एक तारखेपासून ये."

रुचिराला आनंद झाला, आणि त्याच क्षणी वाईटही वाटलं. ज्या आकड्यासाठी तिने वर्षभर उशी भिजवली, तो कुणी विचारलासुद्धा नाही.

शेठनी फॉर्म भरला. नाव, गाव, पदवी. गुणांची चौकट मोकळी सोडून खाली सही ठोकली.

"ती राहिली, शेठ."

"ऱ्हाऊं दे गो. कोण बघताय?"

"मला लिहायचंय."

तिने पेन मागून घेतलं आणि चौकटीत ५.९६ लिहिलं. जागा अपुरी होती, तरी शेजारी 'प्रबंध: बी' एवढंही बसवलं.