तयार उत्तरं

दादाच्या जिभेला हाड नव्हतं. गाडी शिकवायचा त्याचा धंदा, आणि आयुष्यभर तो लोकांच्या शेजारी बसून त्यांना फटकारत आला. "गिअर आहे तो, आमटी ढवळताय का?" हे त्याचं त्यातल्या त्यात मऊ वाक्य. तरी लोक त्याच्याकडेच यायचे, कारण त्याच्या हाताखालून गेलेला माणूस पुढे कुठेही गाडी घालायला घाबरत नसे. मग त्याच्या नसांना रोग लागला. आधी हात गेले, मग पाय, आणि शेवटी ती जीभ. उरले फक्त डोळे.

त्याच्या बहिणीला चाळिशी उलटली तरी घरात सगळे धाकटीच म्हणत. ती ज्या कंपनीत होती तिथे अशाच माणसांसाठी बोलकी यंत्रं बनत. स्क्रीनवर अक्षरं मांडलेली असत. एखाद्या अक्षरावर नजर जराशी टेकवली की ते उमटायचं, आणि वाक्य जुळलं की यंत्र ते मोठ्याने बोलायचं. स्क्रीनवर काय, कुठे आणि कसं असावं हे ठरवणं धाकटीचं काम. असं गिऱ्हाईक आपल्याच घरात निघेल हे तिच्या स्वप्नातही नव्हतं.

अक्षराला अक्षर जोडून बोलायला फार वेळ लागे. समोरचा माणूस कंटाळून विषय बदलायचा. म्हणून धाकटीने अक्षरांच्या वर तीन तयार वाक्यांची ओळ आणली. खोलीत कोण काय विचारतंय ते यंत्र ऐकायचं आणि शोभतील अशी तीन उत्तरं पुढे करायचं. एकावर नजर ठेवली की झालं. कंपनीत या कल्पनेचं फार कौतुक झालं. घरी तर वहिनीला आभाळ ठेंगणं झालं. तिने दादाला काही विचारावं आणि यंत्राने चटकन म्हणावं, "मला बरं वाटतंय. तू जेवलीस का?" इतक्या वर्षांच्या संसारात दादाने हे एकदाही विचारलं नव्हतं.

"आजारपणाने माणूस गोड झाला बघ," वहिनी हसून म्हणाली. धाकटीही हसली. खरं तर तिथेच तिच्या मनात पाल चुकचुकायला हवी होती.

पुढे दादाला श्वासही जड जाऊ लागला. डॉक्टरीणबाई घरी आल्या, खुर्ची ओढून त्याच्या समोर बसल्या आणि आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. छाती थकली की गळ्याला छेद देऊन नळी बसवता येईल, मग श्वासाचं काम मशीन करील. त्याने वर्षं मिळतील, पण पलंग सुटणार नाही. हवं की नको, हे त्यानेच ठरवायचं. स्क्रीनवर लगेच तीन उत्तरं आली: "हो, करा," "तुम्ही म्हणाल तसं," आणि "मला विचार करायला वेळ द्या." दादाची नजर पहिल्यावर गेली. "हो, करा," यंत्र म्हणालं.

वहिनीला रडूच फुटलं. डॉक्टरीणबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. तेवढ्यात दादाचे डोळे खालच्या अक्षरांवर घाईघाईने फिरू लागले, पण अक्षरं धड जुळेनात. "थकलाय तो," धाकटी म्हणाली आणि तिनेच स्क्रीन बाजूला वळवली. त्यानंतर तो तिच्याशी काही बोलला नाही. दुखण्यामुळे असेल, असं तिने गृहीत धरलं. पुढच्याच आठवड्यात त्याचा श्वास अडकला आणि इस्पितळात त्याच्या गळ्यात नळी बसली.

तिथे धाकटीने यंत्र समोर धरलं की तो डोळे मिटून घ्यायचा. दोन-तीनदा असं झाल्यावर तिने यंत्र बंद केलं, पलंगाच्या कडेला बसली आणि शाळेतल्यासारखी एकेक अक्षर म्हणू लागली. हवं ते अक्षर आलं की तो डोळे मिटायचा. अख्खी दुपार गेली आणि हाती लागले तीन शब्द: मी नाही म्हणालो.

याचे अर्थ दोन होत होते. तिने आधी एक विचारला: "तुला नको म्हणायचं होतं?" त्याने डोळे मिटले. मग दुसरा विचारला: "ते 'हो' तू म्हणालाच नव्हतास?" त्याने पुन्हा डोळे मिटले, आणि या वेळी बराच वेळ उघडले नाहीत.

आता तिला उलगडलं. तो ते वाक्य फक्त वाचत होता. वाचणाऱ्याची नजर आणि निवडणाऱ्याची नजर यंत्राला सारखीच. शिवाय त्या तीन उत्तरांत "नको" नव्हतंच. मागे तिने कंपनीत स्वतःच सुचवलं होतं, की आजारी माणसापुढे निराशेची वाक्यं नकोत.

तिने साहेबांना सगळं सांगितलं. त्यांना वाईट वाटलं, खोटं नव्हे. पण ती ओळ काढली तर लोक आपलं यंत्र घेणार नाहीत, असं त्यांचं म्हणणं पडलं. शिवाय घरच्यांची एकही तक्रार नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. घरच्यांची तक्रार कशी असेल, असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण ती खाली उतरली, रजा टाकली आणि दादाच्या पलंगाशी जाऊन बसली.

मग दोघांनी मिळून ते यंत्र उसवलं. ती अक्षरं म्हणायची, तो डोळे मिटायचा, आणि तो सांगेल तसं ती बदलायची. सगळ्यात आधी त्याने यंत्राचे कान बंद करवले. दुसऱ्यांचे प्रश्न यंत्राने ऐकायचेच नाहीत. तयार वाक्यं गेली. नुसतं पाहून काही बोललं जाऊ नये म्हणून बोलण्याआधी नजर एका ठरावीक कोपऱ्यात न्यावी लागेल असं केलं. एक मोठं "थांबा" आलं. त्याखाली "हे मी बोललो नाही" आलं. शिव्यांसाठी वेगळा कप्पा हवा म्हणून तो हटून बसला, आणि त्यातला पहिला प्रयोग त्याने इस्पितळातल्या उशीवर केला. धाकटी खूप दिवसांनी हसली. कामाच्या भरात तिला एक गोष्ट ठाऊक असूनही तिने तिकडे पाहिलं नव्हतं. तो हे सगळं कशासाठी करून घेतोय?

यंत्र पुरं झालं त्या दुपारी त्याने वहिनीला बोलावलं. वाक्य जुळायला वेळ लागत होता आणि वहिनी अक्षरं उमटताना पाहत होती, त्यामुळे शेवटचा शब्द येण्याआधीच तिला कळलं. मग यंत्र बोललं, "मशीन काढा. मला जाऊ द्या."

वहिनी उठून बाहेर गेली. धाकटी मागोमाग गेली, तेव्हा ती भिंतीला टेकून उभी होती.

"आधीचं बरं होतं," वहिनी म्हणाली. "खोटं का होईना, मी जेवले का ते विचारायचं."

धाकटी तिच्या शेजारी भिंतीला टेकून उभी राहिली.

डॉक्टरीणबाईंनी घाई केली नाही. त्यांनी वेगवेगळ्या दिवशी, एकट्याला गाठून, उलटसुलट करून तोच प्रश्न विचारला. दादाने दर वेळी स्वतःच्या शब्दांत तेच सांगितलं. एकदा तर विचारलं, की बाई, तुम्हाला कमी ऐकू येतं का? शेवटी इस्पितळाने मान्य केलं. वहिनीने सही केली, पण पेन खाली ठेवताना धाकटीकडे पाहिलं नाही.

मशीन बंद करायचं ठरलं त्या सकाळी वहिनी त्याच्याजवळ बसली आणि म्हणाली, "बोला, काय बोलायचं ते. मी थांबते." तो बराच वेळ अक्षरं जुळवत राहिला, आणि ती खरंच थांबली. तो काय म्हणाला ते धाकटीला कळलं नाही. ती दाराबाहेर होती, आणि दादाने आवाज अगदी बारीक ठेवायला सांगितलं होतं. नंतर झोपेचं औषध दिलं, मशीन बंद केलं. दुपारपर्यंत सगळं संपलं.

कंपनीच्या नव्या यंत्रात "थांबा" आलं, खालच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरांत. तयार उत्तरं होती तिथेच राहिली. नजर आधी त्या मोठ्या अक्षरांतल्या उत्तरांवरच जाते, हे धाकटी प्रत्येक बैठकीत सांगते, आणि लोक मान डोलावतात. वहिनी तिच्याशी अजून बोलत नाही. धाकटी फोन करते. पलीकडून फोन उचलला जातो, पण कुणी काही म्हणत नाही. धाकटीही घाईने काही सुचवत नाही. ती कानाला फोन लावून थांबते.